लंकामावशीच्या बाटल्या

दर सोमवारी मी घोड नदीचं पाणी एसटीने नगरला न्यायचे. लोक काशीहून गंगा आणतात, मी काष्टीहून घोड नेत होते, आणि तीही देवाला नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेला. कंडक्टर विचारायचा, "काय ताई, दूध का?" मी म्हणायचे, "व्हय, म्हशीचं." एकदा खरं सांगून पाहिलं होतं, तर त्याने नगर येईपर्यंत माझं डोकं खाल्लं. तेव्हापासून दूधच बरं.

बाटल्या ज्योतीच्या. ज्योती आणि मी एमएस्सीला एका वर्गात आणि होस्टेलवर एका खोलीत. माझं गाव काष्टीजवळ, घोडच्या काठाला. आमचा ऊस आहे, बोअर आहे, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं घर आहे. तिचं गाव तिसगावच्या पलीकडे, पाथर्डीच्या कोरड्या मुलखात. तिचे आईवडील, भाऊ आणि भावजय दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, आमच्याच शिवारात, नदीच्या कडेला पडतात. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो आणि तिची आई आमचा ऊस तोडायची. पहिल्या वर्षी हे दोघींनाही जड गेलं. मग एक दिवस ज्योतीच म्हणाली, "तुझ्या घरून येणारे निम्मे लाडू माझे, मग फिट्टंफाट." त्या दिवसापासून तो विषय संपला.

संपला नव्हता तो दुसरा विषय. गेल्या हंगामात ज्योतीच्या भावजयीचं, पंकजाचं, पहिलं मूल त्या कोपीत गेलं. जुलाब लागले आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोर थंड झालं, तेव्हा पंकजाच्या पोटात दुसरं होतं. टोळी प्यायला नदीचंच पाणी घ्यायची, कारण आमची बोअर लांब आणि वीज कधी येईल ते देवालाच ठाऊक. दिवसभर कोयता चालवलेल्या बाईने भाकरी थापायची की हंडा घेऊन विजेची वाट बघत बसायचं?

ज्योतीने कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे खेटे घातले. टोळीला प्यायच्या पाण्याचा टँकर द्या, एवढंच मागणं. साहेब म्हणाले, "पाणी खराब आहे याला पुरावा काय? इतकी माणसं पितातच की." ज्योतीचे वडील काकासाहेब घाबरून तिला म्हणाले, "बाई, पान्यात राहून माशाशी वैर कशाला घेतीस?" ती तेव्हा गप्प बसली. पण ज्योतीचं गप्प बसणं मला माहीत आहे. ती गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. आम्ही बाकीच्या मुलींनी सोपे विषय धरले. ज्योतीने घेतलं घोडचं पाणी: त्यातले प्लवक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव, आणि त्यांच्यासोबत पाण्यात लोंबकळत राहणारा सडका, सेंद्रिय गाळ. पाणी घ्यायची जागा कुठली, तर टोळी जिथे हंडे बुडवते तीच. आमचे राधाकृष्ण सर भला माणूस. त्यांनी कारखान्याला पत्रही लिहिलं की मुलगी पाणी तपासते आहे, दर महिन्याला आकडे कळवू, त्यावरून तुम्ही ठरवा. साहेबांनी होकार दिला. त्यांना वाटलं असेल, पोरगी कंटाळेल.

या हंगामात पंकजाच्या कडेवर पुन्हा मूल होतं. ज्ञानेश्वरी नाव. अजून वर्षाची झाली नव्हती, पण पाचटावर रांगत सुटायची आणि सापडेल ते तोंडात घालायची. आमच्या घरी आली की माझ्या आईच्या, रतनबाईच्या, बांगड्या चावायची. पंकजा तिला एक क्षण नजरेआड करत नव्हती. फडातसुद्धा उसाच्या सावलीला झोळी बांधून घ्यायची आणि मोळी बांधता बांधता सारखी मान वळवून बघायची. तिला बघून मला धास्ती वाटायची. टँकर आला तर या पोरीसाठी येणार, हे ज्योतीने कधी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला ते ठाऊक होतं.

पहिलं पाणी घ्यायला ज्योती स्वतः आली. तिच्याकडे कॉलेजची रेशमी जाळी होती, वर गोल कडं, खाली निमुळती आणि टोकाला छोटी बाटली. ती बादलीमागून बादली त्या जाळीत ओतत होती. पाणी निघून जायचं, जाळीत अडकलेलं बाटलीत उतरायचं. लंकामावशी, म्हणजे ज्योतीची आई, काठावर बसून तंबाखू मळत बघत होती. मावशी उंच, हाडापेराने मोठी, आणि तिला हसू आलं की गालावर हात ठेवायची.

"एवढं पानी गाळतीस आन सगळं फेकतीस की गं," ती म्हणाली.

"मला गाळ पाहिजे, आई."

"धन्य तुझं कालेज. आमी जल्मभर गाळून गाळ फेकला, तवा त्यो गोळा करून कुनी आमाला डिग्री दिली न्हाई."

आम्ही तिघी हसलो. ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि हसू गेलं. नुसती चिकट हिरवी दाटी होती, त्यात वळवळणारं काय काय. दुसऱ्या बाटलीतलं पाणी कागदातून गाळलं तर कागद तपकिरी झाला. तो वाळवायचा, वजन करायचं, मग भट्टीत जाळायचा. जे जळून जातं ते सेंद्रिय. बरंच काही जळून गेलं. सर म्हणाले, "ज्योती, हे पाणी नाही, पातळ शेणकाला आहे. असेच आकडे आणखी महिनाभर आले तर मी स्वतः त्या साहेबासमोर जाऊन बसतो."

पण पुढे दर आठवड्याला ज्योतीला येणं जमेना. प्रात्यक्षिकं सुरू झाली, आणि जाळी एकच, तिच्यावर सगळ्या वर्गाचा डोळा. जाळी नसली तरी चालतं. लिटरभर पाणी थेट बाटलीत घ्यायचं, त्यात आयोडीनचे थेंब टाकायचे, म्हणजे आतले जीव मरून तळाशी बसतात. एवढं तर कुणीही करेल. ज्योतीने आईला बाटल्या दिल्या आणि नीट शिकवलं. पाणी हंडे बुडवता तिथूनच घे. सकाळी फडात जायच्या आधी घे. एका बाटलीत थेंब टाक, दुसरीत नको. झाकण घट्ट लाव. मावशीने सगळं तिला परत म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं. मी शनिवारी घरी जायचे आणि येताना त्या बाटल्या आणायचे.

मावशीच्या बाटल्या बघण्यासारख्या असत. बाहेरून राखेने घासलेल्या, झाकणाला दोरा गुंडाळलेला आणि सगळ्या एका फडक्यात बांधलेल्या. "निकीताई, आडव्या करू नगा," ती मला दर वेळी बजावायची, जसं काही आत तूप आहे. मला एकदा विचारलं, "आमचं पानी बघून पोरी हसत तर न्हाईत ना कालेजात?" मी म्हटलं, "छे, मावशी, हसतील कशाला?" तिला ते फार पटलेलं दिसलं नाही.

पहिल्या आठवड्याचं पाणी स्वच्छ निघालं. ज्योतीने पुन्हा पुन्हा बघितलं. दोनचार हिरवे ठिपके, बाकी काही नाही. कागद जवळजवळ पांढराच. दुसऱ्या आठवड्यातही तेच. ज्योतीने आईला फोन केला, "तू पाणी तिथूनच भरतेस ना?" मावशी म्हणाली, "व्हय, तिथूनच. देवाशपत." ते खरंही होतं. सर म्हणाले, धरणातून आवर्तन सुटलं असेल, नव्या पाण्याने घाण वाहून गेली असेल. ज्योती म्हणाली, "सर, आकडे एवढ्यात पाठवू नका." पण सर शब्दाचे पक्के. महिन्याला कळवू असं लिहून दिलं होतं, त्यांनी कळवलं.

साहेब मोटारसायकलवरून स्वतः फडात आले. तो रविवार होता आणि मी बांधावर उभी होते. मोळ्या बांधणाऱ्या बायकांना ते मोठ्याने म्हणाले, "लंकाबाई, तुमच्याच पोरीच्या तपासणीत नदीचं पाणी पास झालंय! आता टँकर कशाला मागता? बिनघोर प्या." आणि गेले.

मावशी कोयता घेऊन उभीच राहिली. मला वाटलं, टँकर गेला म्हणून तिला वाईट वाटलं. तर ती गालावर हात ठेवून हसली. "पास झालं?" तिने मला विचारलं. "निकीताई, खरंच पास झालं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उभ्या जन्मात तिच्या हातून घडलेल्या कुठल्या गोष्टीला शिकलेल्या माणसाने पास म्हटलं नव्हतं. संध्याकाळी तिने कोपी-कोपीत चिमूट चिमूट साखर वाटली. मलाही दिली. मी खाल्ली.

त्यानंतर टोळीच्या बायका आमच्या बोअरवर दिसेनाशा झाल्या. आधी निदान लेकरांपुरता एखादा हंडा नेत असत. नदी दाराशी, आणि आता तर तपासलेली. माझी आई म्हणाली, "बरं झालं, विजेसाठी ताटकळणं तरी वाचलं बिचाऱ्यांचं." आकडे खरे नसतील असा संशय एकट्या ज्योतीला होता, आणि ती नगरमध्ये परीक्षेला बसली होती. कोपीतला मोठा हंडा मात्र गाळूनच भरतात, तसाच भरला जात असेल, पण दिवसभर फडात तहान लागली की कळशी सरळ नदीत बुडायची. पंकजा फडात ज्ञानेश्वरीला त्याच कळशीतलं पाणी पाजायची.

पोरीला जुलाब लागले. वैजनाथने, ज्योतीच्या भावाने, तिला मोटारसायकलवर पंकजाच्या मांडीत घालून दौंडला नेलं. ज्योती पेपर टाकून तिकडे पळाली. मी पेपर द्यायला नगरलाच राहिले आणि तिचं काम अंगावर घेतलं होतं: त्या आठवड्याच्या बाटल्या तेवढ्या बघून ठेव, असं ती जाता जाता म्हणाली होती.

बाटलीच्या तळाचा थेंब काचेवर घेतला. पाणी नेहमीसारखं रिकामं होतं. रिकाम्या पाण्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून मी उगाच काच सरकवत राहिले. एका कडेला धागा दिसला. जांभळा, पिळदार, सुती. पुढे आणखी एक. मग मी आधीच्या आठवड्यांच्या राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या. त्यांच्यातही धागे होते. शेवाळाचे नव्हेत, लुगड्याचे. लंकामावशीचं जांभळं लुगडं आमच्या कुंपणावर वाळताना मी किती वेळा बघितलं होतं.

तिने पाणी गाळून भरलं होतं. गाळू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीठ घालू नको असंही सांगितलं नव्हतं. पाणी भरायचं म्हणजे भांड्याच्या तोंडाला फडकं लावायचं, यात सांगण्यासारखं काय असतं? शिवाय लेकीलाही जाळीतून गाळताना तिने बघितलं होतं. लेकीची जाळी कॉलेजात अडकली, तर आईने आपला पदर लावला. मला त्या साहेबाचा राग आला, सरांचा आला, आणि ज्यांनी कुणी पहिल्यांदा नदीला परीक्षेला बसवलं त्या सगळ्यांचा आला. मावशीचा राग करायला गेले आणि रडू आलं.

मी काष्टीला पोचले तेव्हा ज्ञानेश्वरीला परत आणलं होतं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या वडिलांनी, बन्सी अण्णांनी, बांधावरच्या बाभळीखाली जागा दिली आणि खड्डा स्वतः खणला. पंकजा रडली नाही. झोळीची दोरी हातात गुंडाळून बसून राहिली.

ज्योतीला मी आमच्या गोठ्यामागे नेलं आणि सांगितलं.

"चारपदरी असणार," ती म्हणाली. "आई कधी दोनपदरी गाळत नाही." मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडली. म्हशी वळून बघायला लागल्या इतकी.

शांत झाल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, आईला हे कधीच कळता कामा नये. दोन, पाणी पुन्हा घ्यायचं, आजच, कारण कोप्यांत अजून पोरं आहेत. मी टोळीतल्या बायकांना जाऊन सांगितलं की पाणी बिघडलंय, पोरांना नदीचं देऊ नका, बोअरवर या, अण्णा मोटर चालू ठेवतील. का बिघडलं ते सांगितलं नाही. सगळ्यांनी समजलं, पोरगी गेली म्हणून.

मावशी आणि घरची मंडळी त्या दिवशी फडात गेली नव्हती. मावशी पंकजाजवळ बसली आहे असं बघून आम्ही गुपचूप नदीवर गेलो. जाळी आणली नव्हती, बाटल्याच होत्या. ज्योती पहिली बाटली बुडवायला वाकली तेवढ्यात मागून आवाज आला.

"आन हिकडं. मी भरते."

मावशी कधी आली कळलंच नाही. डोळे सुजलेले, केस मोकळे. "तुझा पेपर बुडला," ती ज्योतीला म्हणाली, "निदान हे तरी बुडू नगं. आन."

ज्योतीने बाटली मागे ओढली. मावशीने ती तिच्या हातातून घेतलीच. काठावर उकिडवी बसली, पदराची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि ती बाटलीच्या तोंडावर ताणून धरली. अगदी नेटकी. मग दुसऱ्या हाताने तांब्या बुडवला.

ज्योतीने तिचा हात धरला. "नको गाळूस, आई."

"का?"

"असंच लागतं."

"असंच? ह्ये गढूळ?" मावशीने तांब्यातल्या पाण्याकडे बघितलं. "आसं कसं न्यायचं गं? लोक काय म्हनतील, ही मानसं ह्ये पित्यात?"

मी मध्ये पडले. "मावशी, ही तपासणी वेगळी आहे. आधीची वेगळी होती." मला खोटं बोलता येत नाही असं नाही, दर सोमवारी कंडक्टरशी बोलते, पण तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना.

मावशी माझ्याकडे बघत राहिली, मग ज्योतीकडे. ती शाळेत गेली नसेल, पण मुकादमाने माप मारलेलं तिला लांबून कळतं. तिने पदर हळूहळू बाटलीवरून काढला.

"म्हंजी म्या गाळलं," ती म्हणाली, "म्हनून त्ये पास झालं."

"आई, तुला कुणी सांगितलं नव्हतं..."

"आन पास झालं म्हनून आमी पाजलं."

ज्योतीने तिला धरायला हात पुढे केले. मावशीने ते बाजूला केले, रागाने नाही, काम करताना मध्ये येणारं माणूस बाजूला करावं तसे. तिने बाटली नदीत बुडवली, काठोकाठ भरली आणि झाकण लावून ज्योतीच्या हातात दिली. दुसरीही भरली, आणि तिच्यात मोजून थेंब टाकले. मग उठली आणि कोप्यांकडे चालायला लागली.

"आई, कुठे चाललीस?"

"पंकजाला सांगते."

"नको! आई, तिला नको सांगूस. काय होणार आहे सांगून?"

"तिची पोरगी हुती," मावशी म्हणाली. "तिला ठावं पायजे."

आम्ही काठावरच उभ्या होतो. कोपीच्या तोंडाशी मावशी पंकजाच्या समोर बसलेली दिसत होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही. पंकजा उठून आत गेली आणि मावशी तिथेच बसून राहिली.

आमच्या नव्या आकड्यांनी सर हादरले. ते खरोखरच साहेबासमोर जाऊन बसले, आणि टँकर आला. टोळीतल्या बायकांनी ज्योतीला दुवा दिला. ती त्या वेळी तोंड फिरवून उभी होती. पुढे तिने पेपर पुन्हा दिला, प्रकल्प पुरा केला. त्यातल्या एका महिन्याचे आकडे रद्द धरावेत, एवढंच तिने लिहिलं. कारण लिहिलं नाही, सरांनी विचारलं नाही.

हंगाम संपेपर्यंत पंकजा आणि मावशी एकाच फडात राबत होत्या. पंकजा टँकरवरून दोघींचं पाणी आणायची, सासूच्या ताटात भाकरी वाढायची, तिचं डोकं दुखलं तर तिच्या वाटणीच्या मोळ्याही बांधायची. पण तिच्याशी शब्द बोलत नव्हती. काकासाहेबांनी मध्ये पडून बघितलं, वैजनाथने चिडून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळी गावी निघाली त्या दिवशी मी ट्रकपाशी गेले. पंकजा बाभळीखालून जाऊन आली होती आणि वर चढून बसली होती. मावशी खाली उभी राहून सगळ्यांची भांडी वर देत होती. मी हळूच विचारलं, "मावशी, पंकजा बोलते का आता?"

"न्हाई," ती म्हणाली. शेवटचा हंडा तिने वर दिला, तो पंकजाने हात पुढे करून घेतला. "आन बोलू बी नये इतक्यात. मी आसते तर म्या बी बोलले नसते."

मग तिने साडीचा काचा सावरला आणि ट्रकच्या फळीला धरून वर चढली. पंकजाने तिला बसायला जागा करून दिली.